६०० मिमीची लेन्स घेण्याआधी अंगणातलं अंतर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या अंगणात बुलबुल, शिंजीर, दयाळ रोज येतात. तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारी चिप लहान असलेला) कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची लेन्स आहे. पक्षी फ्रेममध्ये एवढासा येतो, क्रॉप करून मोठा केला की पिसांचा नुसता लगदा दिसतो आणि चार पावलं जवळ जावं तर तो भुर्रकन उडून जातो. मग १५०-६०० मिमीची लेन्स घेऊन टाकावी का?

माझं उत्तर: आत्ता नको. पुढे कदाचित हो. 'आधी शिका, मग खर्च करा' असा उपदेश करायचा म्हणून हे म्हणत नाही. तुम्ही एका फोटोची जी माहिती दिली आहे (लेन्स २५० मिमीवर, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं उघडं तोंड एफ/५.६, शटर १/२०० सेकंद, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता २००, संध्याकाळची वेळ, अंदाजे १० मीटर अंतर) ती वाचून म्हणतोय. तुमच्या तक्रारीची बहुतेक कारणं त्या एका ओळीत आहेत. त्यातलं एकच कारण मोठ्या लेन्सने दूर होईल, आणि तेही लेन्स न बदलता दूर करता येतं.

आधी आकाराचा हिशोब करू. लालबुड्या बुलबुल चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २० सेंटीमीटर भरतो. तो १० मीटरवर बसलेला असेल तर २५० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची लांबी पडते ५ मिलिमीटर. तुमच्या सेन्सरची रुंदी २२ ते २४ मिमीच्या दरम्यान आहे, म्हणजे पक्ष्याने फ्रेमचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापला. त्याच जागेवरून ६०० मिमी लावली तर लांबी १२ मिमी होते, म्हणजे अर्धी फ्रेम. ऐकायला छान वाटतं. पण आता लेन्स तीच ठेवा आणि अंतर १० मीटरवरून ४ मीटरवर आणा. लांबी होते साडेबारा मिमी, म्हणजे ६०० मिमीपेक्षाही किंचित जास्तच. तुम्हाला जी लेन्स हवी आहे ती अंगणात त्या सहा मीटरमध्ये पडलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, जवळ गेलं की उडतो ना! बरोबर आहे, तुम्ही जवळ गेलात की तो उडणारच. पण अंगणाची गंमत हीच की तुम्हाला जायचं नाहीये. माळरानावर किंवा जंगलात पक्षी कुठे भेटेल ते तो ठरवतो, म्हणून तिथे लांब लेन्सला पर्याय नसतो. अंगणात तोच पक्षी, साधारण त्याच वेळेला, त्याच दोन-तीन जागांवर येतो. त्या जागा थोड्या सरकवणं तुमच्या हातात आहे. तुमची खरी अडचण ही की तुम्ही अंगणातल्या पक्ष्याचा जंगलातल्यासारखा पाठलाग करताय.

अंतरावर येतोच, पण त्याआधी तो लगदा. फोटो धूसर येण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी निदान करायला हवं. फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघा. पक्षी, फांदी, पान सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. फांदीवरची साल, खडबडीतपणा स्पष्ट आहे पण पक्ष्याचं डोकं पुसट आहे, तर पक्षी हलला. पक्षी मऊ आणि त्याच्या मागचं किंवा पुढचं पान मात्र कातरल्यासारखं स्पष्ट, तर फोकस चुकला. तुमच्या फोटोत फांदीवरच्या गाठी मोजता येतात आणि डोळ्याच्या जागी काळा ठिपका पसरलाय, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दुसरं कारण. बुलबुलाने मान वळवली आणि १/२०० सेकंद त्याला पुरला नाही.

इथे बरेच जण लेन्सच्या स्टॅबिलायझरवर विसंबतात. क्रॉप सेन्सरवर २५० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, हिशोबात ३७५ ते ४०० मिमी, आणि हातातून टिपायचं तर जुना ठोकताळा सांगतो की शटर १/४०० च्या खाली नको. स्टॅबिलायझर असेल तर त्याहून हळू शटरवरही स्थिर फोटो येतो, हे खरं. पण तो तुमचा हात सांभाळतो, पक्ष्याची मान सांभाळत नाही. लहान पक्षी बसल्या जागी एका सेकंदात तीनदा इकडेतिकडे बघतो. माझ्या अनुभवात बसलेल्या बुलबुलासाठी १/५०० ही खालची मर्यादा आहे, १/१००० वर निश्चिंत राहता येतं. अंघोळ करताना उडणारे थेंब गोठवायचे असतील तर १/१६०० आणि उडता पक्षी हवा असेल तर १/२००० किंवा त्याहून वेगवान.

मग तुमच्या कॅमेऱ्याने १/२०० का निवडलं? तो ऑटोवर होता आणि समोर उडणारा-बागडणारा जीव आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने आयएसओ २०० वर ठेवून स्वच्छ चित्र द्यायचा प्रयत्न केला. तोच प्रकाश, तेच अॅपर्चर ठेवून शटर १/१००० करायचं तर प्रकाश पाचपट कमी मिळतो, म्हणजे आयएसओ २०० चा १००० करावा लागला असता. आजच्या कुठल्याही २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आयएसओ १००० काहीच जड नाही. नॉइज, म्हणजे चित्रातला रवाळपणा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये बराच काढता येतो. हललेला डोळा कुठल्याच सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही.

तेव्हा सेटिंग एकदाच लावून टाका आणि विसरा: मॅन्युअल मोड, शटर १/१०००, अॅपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं (तुमच्याकडे २५० मिमीला एफ/५.६), आयएसओ ऑटोवर आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. फोकस सतत चालणारा, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर एकच फोकस पॉइंट घेऊन तो डोळ्यावर ठेवा. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो, चालू, पण छोटा. तीन-चार फ्रेमचा. बोट दाबून धरलंत तर रात्री शेकडो सारखेच फोटो चाळत बसाल आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा हातात घ्यायचा कंटाळा येईल.

आतापर्यंतचा हिशोब असा: पक्षी लहान येतो त्याचं कारण अंतर, धूसर येतो त्याचं कारण शटर. नवी लेन्स पहिल्यावर काम करेल, दुसऱ्यावर उलटी पडेल, कारण ६०० मिमीला त्या लेन्सचं अॅपर्चर एफ/६.३ होतं, म्हणजे प्रकाश आणखी थोडा कमी, आणि हाताची थरथर दुपटीहून जास्त मोठी दिसते.

आता अंगणाकडे वळू. इथून पुढचं बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. अंगण कुठल्या दिशेला उघडतं, भिंत किती लांब आहे, शेजारची मांजरं येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी कारणं सांगतो, मांडणी तुम्ही करा.

पक्ष्याला जवळ आणायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे पाणी. दाण्यापेक्षाही. दाणे खायला चिमण्या, होले, मुनिया येतील, पण कीटक आणि फळं खाणाऱ्यांना दाण्यात रस नसतो. पाणी प्यायला आणि अंघोळीला सगळेच येतात. पसरट, खरबरीत तळाचं मातीचं भांडं घ्या. मधोमध ५ सेंटीमीटरहून खोल नको आणि कडेला उथळ हवं. गुळगुळीत असेल तर मध्ये एक दगड ठेवा, लहान पक्ष्याला पाय टेकायला आधार लागतो. पाणी रोज बदला, भांडं घासा. घाणेरडं पाणी पक्ष्यांमध्ये रोग पसरवतं, आणि डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेतही आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज पाणी ओतून देणाऱ्याच्या घरी डास वाढत नाहीत. मांजरं असतील तर भांडं झुडपाला चिकटून ठेवू नका. दोन-तीन मीटर मोकळी जागा सोडा, म्हणजे दबा धरून आलेलं मांजर पक्ष्याला वेळेत दिसेल आणि आसऱ्याचं झाडही फार लांब राहणार नाही.

फोटो मात्र भांड्यावरचा काढायचा नाही. पक्षी सहसा थेट पाण्यात उतरत नाही. आधी जवळच्या उंच जागी बसतो, मान वळवून सगळीकडे नजर टाकतो, मग उतरतो. ही जी मधली जागा, ती तुम्ही द्यायची. एक वाळकी, दिसायला बरी फांदी कुंडीत खोचा किंवा खुर्चीच्या पाठीला क्लॅम्पने बांधा, तिचं टोक भांड्याच्या वर एक-दीड फुटावर येऊ द्या. बाकी बसायच्या जागा, म्हणजे नळ, वायर, झाडूचा दांडा, शक्य तेवढ्या काढा. फांदी पेन्सिलीएवढी जाड पुरे. जाड ओंडक्यावर शिंपी पक्षी बसला तर पायच दिसत नाहीत आणि पक्षी आणखी लहान वाटतो.

फांदी कशी लावायची हा विषय क्षुल्लक वाटेल, पण निम्मे फोटो इथेच बिघडतात. चिमणी-बुलबुलासारखे पक्षी आडव्या फांदीला काटकोनात बसतात. पंजा फांदीभोवती गुंडाळतात, त्यामुळे शरीर फांदीला आडवं येतं. तुम्ही फांदी कॅमेऱ्यासमोर डावीकडून उजवीकडे सरळ आडवी लावलीत तर पक्षी एकतर तुमच्याकडे छाती करून बसणार नाहीतर पाठ. बाजूने हवा असेल तर फांदी तुमच्या दिशेने तिरकी करा, किंवा वर चढत जाणारी लावा. मी बहुतेक वेळा साधारण ४५ अंशांत ठेवतो. तेवढ्याने शरीर बाजूने येतं आणि मान कॅमेऱ्याकडे वळते.

आता मागची बाजू. कॅमेऱ्याच्या जागी बसा आणि फांदीच्या मागे काय दिसतं ते बघा. कपड्यांची दोरी, भिंतीवरचा पाइप, आकाशाचे पांढरे तुकडे? मग फांदी सरकवा, नाहीतर तुम्ही सरका. कधी एक फूट पुरतो. पार्श्वभूमी मऊ यायला महागडी लेन्स लागते हा समज अर्धा खरा आहे. ४ मीटरवर २५० मिमी आणि एफ/५.६ असताना फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ५ सेंटीमीटर असते. मागचं झुडूप फांदीपासून चार-पाच मीटर लांब असेल तर ते हिरव्या रंगाचा सपाट पडदा होऊन जातं. तुम्ही १० मीटरवरून टिपत होता तेव्हा ही खोली एक फुटाच्या वर होती, म्हणून मागची पानं पक्ष्यात मिसळली. जवळ येण्याचा हा दुसरा फायदा, आणि माझ्या मते पहिल्याहून मोठा. त्याची किंमतही आहे: बुलबुल तुमच्याकडे तोंड करून बसला तर चोच आणि शेपूट दोन्ही स्पष्ट येणार नाहीत. डोळा पकडा, शेपूट गेली तर जाऊ द्या.

उजेड तुमच्या पाठीमागून फांदीवर पडायला हवा. सकाळचे पहिले दोन तास उत्तम, पण त्यासाठी तुम्ही पूर्वेकडे पाठ करून बसायला हवं. अंगण नेमकं उलटं असेल तर सकाळ सोडून द्या, दुपारनंतरचं उतरतं ऊन वापरा. ढगाळ दिवस वाईट मानू नका. काळे-पांढरे पक्षी ढगाळ उजेडात सोपे जातात. वाराही लक्षात घ्या: पक्ष्याला पिसं विस्कटलेली आवडत नाहीत, तो वाऱ्याला तोंड देऊन बसतो आणि वाऱ्याकडेच झेपावतो. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीमागून असतील तो दिवस सोन्याचा.

तुम्ही कुठे बसायचं? घरात, खिडकीच्या आत. मोकळ्या जागी उभ्या माणसाला पक्षी घाबरतात, उघड्या खिडकीतल्या अंधाराला फारसे नाही. खिडकीत जाडसर गडद कापड लावा, लेन्सपुरती फट ठेवा, खोलीतले दिवे बंद. भांडं आणि फांदी पहिले काही दिवस ६-७ मीटरवर ठेवून रोज थोडी जवळ सरकवा. चार मीटरवर आली की थांबा. पक्षी किती दिवसांत सरावतील हे सांगता येत नाही. साळुंक्या आणि बुलबुल लवकर धीट होतात, भारद्वाज कधी होईल याचा भरवसा नाही. लेन्स खिडकीच्या कट्ट्यावर धान्याच्या पिशवीवर टेकवा. ट्रायपॉडपेक्षा ती बरी, आवाज न करता हलवता येते. आणि लेन्स भराभरा वळवू नका. काळ्या गोल भिंगाची हालचाल पक्ष्याला खटकते.

खिडकीवरून एक गंभीर मुद्दा. काचेत झाडाचं आणि आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, पक्षी तिकडे जायला वाट आहे समजून वेगात धडकतो आणि बरेचदा मरतो. म्हणून पाणी किंवा दाणे ठेवायचे तर काचेपासून १ मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना वेगच येत नाही, नाहीतर १० मीटरच्या पलीकडे, असं पक्षीअभ्यासक सांगतात. आपले ४ मीटर नेमके धोक्याच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे मी वर सांगितलेली मांडणी उघड्या खिडकीसाठीच आहे हे पक्कं ध्यानात ठेवा. ज्या काचा बंद राहणार त्यांना बाहेरून जाळी लावा, किंवा बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवा, दोन ठिपक्यांत ५ सेंटीमीटरहून जास्त मोकळी जागा न सोडता. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून काचेवर आपटतो. हे करणं जमणार नसेल तर भांडं खिडकीच्या रेषेतून बाजूला घ्या आणि बाहेर कापडी आडोसा करून बसा.

उघडी खिडकी फोटोसाठीही बरी. काचेतून टिपलं की स्पष्टपणा थोडा जातोच. नाइलाज असेल तर काच पुसा, लेन्सचा हूड काचेला जवळजवळ टेकवा आणि काटकोनात टिपा, तिरकं नको. एसी चालू असलेल्या खोलीची खिडकी उघडून लगेच टिपायला बसू नका. थंड आणि गरम हवा लेन्ससमोर मिसळते, चित्र पाण्यातून बघितल्यासारखं थरथरतं, आणि माणूस बिचाऱ्या लेन्सला दोष देत बसतो. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून लांबचा पक्षी टिपतानाही हेच होतं. हवेची ही थरथर अंतर वाढेल तशी वाढते, आणि तिथे ६०० मिमी ती थरथरच मोठी करून दाखवते.

तुमच्या तीन पक्ष्यांपैकी बुलबुल सगळ्यात सोपा. तुरा ताठ उभा आणि अंग बारीक केलेलं दिसलं तर तो सावध आहे. तेव्हा कॅमेरा हलवू नका. तुरा सैल झाला, पिसं फुगली, चोचीने पिसं विंचरायला लागला की तो काही क्षण थांबणार. पुढे झुकून पाय मुडपले की उडायच्या बेतात आहे. उडण्याआधी बरेचदा शिटतोही. तो इशारा बघून शटर दाबलं तर झेपावण्याची फ्रेम मिळते.

दयाळाचा नर काळा आणि पांढरा, म्हणजे एक्स्पोजरची परीक्षाच. कॅमेरा सगळं करड्याच्या आसपास आणायला बघतो. काळा पक्षी फ्रेमभर असेल तर तो चित्र जास्त उजळ करतो, काळा रंग राखाडी होतो आणि पंखावरचा पांढरा पट्टा जळून, म्हणजे तपशील जाऊन, सपाट होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा आणि पांढऱ्यात पिसांच्या रेघा दिसेपर्यंत कमी करा. काळ्यातला तपशील रॉमधून नंतर वर काढता येतो. याच्या उलट, पक्षी आकाशासमोर बसला असेल तर अधिक १ किंवा त्याहून जास्त लागेल. दयाळ कीटक शोधत जमिनीवर उतरतो, तेव्हा वरून टिपू नका. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणा, त्यासाठी खाली बसायला लागलं तर बसा. पक्ष्याच्या उंचीवरून काढलेला साधा फोटोही वरून काढलेल्या उत्तम फोटोपेक्षा उजवा ठरतो.

शिंजीर वेगळं प्रकरण आहे. जेमतेम १० सेंटीमीटरचा जीव, म्हणजे तेवढ्याच आकारासाठी बुलबुलाच्या निम्म्या अंतरावर जायला हवं. जांभळ्या शिंजिराच्या नराची चकाकी रंगद्रव्याची नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते. त्यामुळे कोन बदलला की जांभळा-निळा पक्षी साफ काळा दिसतो. ऊन पाठीमागून घ्या आणि तो मान वळवेपर्यंत थांबा. वळताना एका क्षणी गळा पेटल्यासारखा चमकतो, ती तुमची फ्रेम. विणीच्या काळाबाहेर हाच नर मादीसारखा पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो. तेव्हा 'शिंजीर गेले' असं समजू नका. तो मकरंदाला येतो, त्यामुळे त्याच्यासाठी फूल हीच फांदी. ज्या फुलांवर तो रोज येतो त्यातलं एक, उजेडात असलेलं, मागची बाजू मोकळी असलेलं निवडा आणि त्यावरच फोकस धरून बसा. त्याच्या मागे कॅमेरा नाचवलात तर हाती काही लागणार नाही. झाडाला पाणी मारल्यावर ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करायची त्याची सवय आहे, तेही बघून ठेवा.

'एका जागी फोकस धरून थांबा' ही युक्ती कोतवाल आणि वेड्या राघूला तर फारच लागू पडते. हवेत किडा पकडून ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसतात.

काही गोष्टी मी करत नाही, तुम्हीही करू नका. घरट्याजवळ ठाण मांडणं, नीट दिसावं म्हणून आड येणारं पान तोडणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. शिंप्याने पानं शिवून केलेलं घरटं अंगणात सापडलं की मोह होतोच. पण तुमच्या येण्याजाण्याने आईबाप घरटं सोडू शकतात, आणि कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो. आवाज ऐकून आलेला नर प्रतिस्पर्धी शोधत ताकद घालवतो आणि फोटोतही चिडलेलाच दिसतो. घरटं सापडलं तर पिल्लं उडून जाईपर्यंत पाण्याचं भांडंसुद्धा त्या कोपऱ्यातून हलवा.

एडिटिंगबद्दल फार सांगत नाही. थोडा क्रॉप, थोडा नॉइज कमी, डोळ्यावर किंचित शार्पनिंग, बस. पिसांच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की शार्पनिंग जास्त झालं. आणि मोबाइलच असलेल्या घरच्या कुणाला हौस असेल तर मोबाइल छोट्या स्टँडवर भांड्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि ब्लूटूथ रिमोटने टिपा. पक्षी मोबाइलला पटकन सरावतात. अंघोळीचे व्हिडिओ तर कॅमेऱ्यापेक्षा त्यावर सुंदर येतात.

आता मोठी लेन्स कधी घ्यावी. चार मीटरची मांडणी करून झाली, शटर १/१००० च्या आसपास आहे, डोळा स्पष्ट येतोय, आणि तरी तुम्हाला झाडाच्या शेंड्यावरचा तांबट पक्षी हवाय, जो खाली येतच नाही, किंवा तुम्ही अंगणाबाहेर तळ्यावर, माळावर जायला लागलात, तर ती लेन्स योग्यच आहे. पण तिचं वजन दोन किलोच्या घरात असतं हे धरून चाला, हातात धरून तासभर बसणं होत नाही. दुसरं म्हणजे ती किती जवळचं फोकस करते ते बघा. १५०-६०० च्या प्रचलित लेन्स २ ते ३ मीटरच्या अलीकडे फोकस करत नाहीत, आणि शिंजिरासाठी तुम्हाला नेमकं तेवढंच जवळ जायचं असतं. तुमची ५५-२५० मीटरभरावरही फोकस करते, म्हणून ती विकून मोठी घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. भाड्याने मिळत असेल तर आधी दोन दिवस आणा, त्याच फांदीवरचा तोच बुलबुल दोन्ही लेन्सनी टिपा आणि १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी लावून बघा.

मांडणी बदलल्यावर पुढचा फोटो दाखवाल तेव्हा सेटिंगबरोबर वेळ, अंतर आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेवढं नक्की लिहा. त्यावरून फांदी कुठे सरकवायची ते सांगता येईल.